पावसाआधी बंदूक पुसून घ्या



आज भाताचं काही नाही, काजूचंही नाही. आज बंदुकीवर लिहितोय. आपल्या पानावर येणारे कृषी सहायक आणि विद्यापीठातले साहेब म्हणतील, ह्या माणसाला आता काय झालं. पण आमच्या सिंधुदुर्गात आणि वर रत्नागिरीत शेतीसंरक्षणाची बंदूक म्हणजे पॉवर टिलर, फवारणीचा पंप, कोयता ह्यांच्याच रांगेतलं अवजार. पंप बिघडला तर फवारणी एक दिवस पुढे जाते. बंदूक बिघडली तर हाताची बोटं जातात, कधी डोळा जातो. आणि तरीही पंपाला आपण पाण्याने धुतो, बंदूक मात्र वर्षभर खुंटीला.

आगोटीची कामं चालू आहेत. लाकडं भरून झाली, कौलं चाळून झाली, तरव्याची जागा तयार आहे. माझ्या यादीत दरवर्षी एक काम असतं, पहिला पाऊस पडायच्या आत बंदूक उघडून साफ करायची. ह्या रविवारी ते केलं. ते कसं करतो आणि का करतो, ते जमेल तसं लिहितो.

आमच्या घरात आधी ठासणीची होती. परवान्यावर तिला एसबीएमएल लिहितात, म्हणजे तोंडाकडून भरायची एकनळी. आबांची. काळी दारू, वर चिंधीचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि मागे केप बसवायची. लहानपणी आम्हाला गंमत वाटायची. पण आबा बार काढून आले की रात्री कितीही वाजोत, आईला चुलीवर पाणी ठेवायला सांगायचे. उकळतं पाणी नळीत ओतायचे, साबणाची चिंधी फिरवायचे, पुन्हा पाणी. नळी एवढी गरम व्हायची की फडक्याने धरावी लागायची. मी विचारायचो, लोखंडाला पाणी कशाला? आबा म्हणायचे, "दारवेक पाणीच लागता."

त्याचं कारण मला मोठेपणी कळलं. काळ्या दारूत सोरा असतो, गंधक असतं, कोळसा असतो. ती जळल्यावर नळीत जी काजळी उरते ती नुसती काजळी नसते, त्यात क्षार असतात. क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. जुलैत आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं. ती ओली काजळी एका रात्रीत नळीला खायला लागते. तेलाने क्षार विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. म्हणून आधी गरम पाणी, मग सुकी चिंधी, मग तेल. आणि पाणी उकळतं का, तर नळी तापली की उरलेलं पाणी आपोआप सुकतं. आबा चौथी शिकलेले होते, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठासणीवाले अजून बरेच आहेत आपल्याकडे. त्यांनी हे एवढं तरी घ्यावं. बार काढला की त्याच रात्री पाणी, दुसऱ्या दिवशी नाही.

माझी आताची 12 बोअर, एकनळी, काडतुसाची. परवान्यावर एसबीबीएल. 12 बोअर म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नसतं. 12 मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाचे सारखे 12 गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास येतो तो त्या नळीचा व्यास. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून 16 बोअरची नळी 12 पेक्षा बारीक असते, आकडा मोठा असला तरी.

काडतुसाची दारू धुराची नसते, टोपीतला मसालाही आता आधीसारखा खारा राहिला नाही. त्यामुळे लोक समजतात की हिला साफ करायची गरज नाही. गरज आहे. बार काढल्यावर नळीत तीन गोष्टी चिकटतात. काजळी, शिशाचे राखाडी ओरखडे, आणि काडतुसाच्या आतल्या प्लास्टिकच्या बुचाची पातळ साय. ह्या तिघांच्या खाली ओल अडकते. वरून नळी चकचकीत दिसते आणि आतून सडते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतीवर बुरशी येते, कपाटातल्या चपला हिरव्या होतात. लोखंडाचं काय होत असेल, विचार करा.

आता 2024 चं सांगतो.

लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. आपल्याकडे मतदान 7 मेला होतं. परवानाधारकांनी हत्यार जमा करायचं. छाननी समिती असते, कोणाकडून जमा करून घ्यायचं आणि कोणाला सूट द्यायची ते ती ठरवते, पण मला काही सूट मिळाली नाही. नेऊन दिली. पावती घेतली. आचारसंहिता 6 जूनला उठली, त्यानंतर तीन दिवसांनी मी आणायला गेलो. तोवर पाऊस सुरू झालेला. ठाण्याच्या नावाची गरज नाही. ज्या खोलीत बंदुका होत्या तिची एक भिंत ओली होती, आणि पंचवीस-तीस बंदुका सुतळीने एकत्र बांधून कोपऱ्यात उभ्या केलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. पोलिसांनाही दोष किती देणार? त्यांना निवडणुकीचं काम, वर ह्या शेतकऱ्यांच्या बंदुका. जागा नाही, माणूस नाही. पण माझ्या नळीवर बाहेरून तांबूस पावडर आली होती. जिथे जिथे कोणी तरी हात लावला होता तिथे बोटांचेच ठसे गंजून उमटलेले. घामात मीठ असतं, त्याचा हा पुरावा.

घरी यायला संध्याकाळ झाली. नेमकी त्याच रात्री रानडुकरं आली. परड्यात केळी आणि सुरणाचे वाफे आहेत, तिथे. कुत्रे ओरडायला लागले, मुलगा बॅटरी घेऊन बाहेर. सात-आठ होती. मुलगा म्हणाला, "बाबानू, एक उडवा बघया. नुसतो आवाज होवंदे."

मी म्हटलं, "नळी बघितल्याबिगर नाय."

"आत्ताच तर हाडलास!"

"म्हणानच नाय."

बायकोने पत्र्याचा डबा बडवला, मुलाने दोन सुतळी फटाके लावले, त्यातला एक भिजलेला निघाला. डुकरं हलली पण जायची घाई त्यांना नव्हती. सकाळी मोजलं तर अकरा केळी लोळवलेली आणि सुरणाचा एक वाफा उकरलेला. मुलगा माझ्याशी दुपारपर्यंत बोलला नाही. त्याचंही बरोबर होतं. ते केळीचे मुनवे त्यानेच आणून लावले होते.

दुपारी पडवीत बसून बंदूक उघडली. मागून डोळा लावून नळी आभाळाकडे धरली, तर उजेडच नाही. काळोख. तोंडाकडून बघितलं तर एक वीत आत मातीचं बूच. कुंभारीण! जी भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत मातीची घरटी करते तीच. तिला भोक दिसलं की पुरे. खोलीत उभी केलेली बंदूक म्हणजे तिला आयतं घर. ती आत मातीची खोली करते, कोळी पकडून डंख मारून बधिर करते, खोलीत भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पिकातले कोळी ती नेते म्हणून तिला शत्रू म्हणावं की मित्र, हे कीटकशास्त्राच्या साहेबांनी सांगावं. बंदुकीच्या नळीत मात्र ती मारेकरी.

मुलाला हाक मारली आणि नळी त्याच्या हातात दिली. त्याने बघितलं आणि खाली बसला.

नळीत बूच असताना बार काढला तर छर्रे आणि त्यांच्या मागचा वायू त्या बुचावर आदळतात. दाबाला पुढे वाट नाही. मग पत्रा फुगतो किंवा फाटतो. पुढचा डावा हात नेमका नळीखाली असतो. माती तर सोडाच, चिंधीचा विसरलेला बोळा, चिखल, नळीत साठलेलं पाणी, एवढंही पुरतं. बूच बार काढून उडवून देऊ असं म्हणणारे महाभाग मी ऐकलेत. तसं कधी करू नका. मी नळी सुटी करून तोंडाकडून थोडं थोडं पाणी घातलं, अर्धा तास माती भिजू दिली, मग मागच्या बाजूने लाकडी काठी घालून ढकललं. माती पडली, त्यात पाच-सहा कोळी, अजून मऊच. मग दोन-तीनदा पाणी, मग सुक्या चिंध्या, मग उन्हाची तिरीप होती त्यात नळी ठेवली, आणि मग नेहमीची सफाई.

नेहमीची सफाई अशी. दिवसाउजेडी पडवीत बसायचं, मोबाइल आत. पहिलं म्हणजे बंदूक उघडून मागचं घर रिकामं आहे का ते बघायचं आणि बघून झाल्यावर करंगळी घालून चाचपायचं. डोळा फसतो, बोट फसत नाही. काडतुसं त्या खोलीतच नकोत, कुलुपातच राहू देत. मग पुढची लाकडी मूठ काढायची, नळी आणि दस्ता वेगळे करायचे. आता ती बंदूक राहिलीच नाही, नुसता पाइप. पोरं आजूबाजूला असली तरी जीव थोडा खाली बसतो.

गज मागून पुढे घालायचा. पुढून घातला तर सगळी घाण मागच्या घरात आणि यंत्रात जाते, आणि नळीचं तोंड घासून खराब होतं ते वेगळंच. पहिली चिंधी तेलाची, ती घाण भिजवते. दहा मिनिटं थांबायचं, तंबाखू मळायला वेळ मिळतो. मग पितळी तारेचा ब्रश, एका दिशेने पूर्ण बाहेर काढायचा, मधेच उलटा ओढायचा नाही. लोखंडी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर आत घालू नका, नळीला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी ओल तिथेच धरते. मग सुक्या चिंध्या, जोवर चिंधी पांढरी बाहेर येत नाही तोवर. जुनी सुती धोतरं, बनियन चालतात. साडीचं टेरिकॉट चालत नाही, ते काही शोषत नाही.

आता नळी उजेडाकडे धरून सावकाश फिरवत बघायची. आत गोल गोल उजेडाच्या रेषा दिसतात. रेषा सरळ गेली तर ठीक. एखाद्या ठिकाणी रेषा तुटून काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, मग ती बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे, घरी नाही. काळे ठिपके दिसले तर ते गंजाचे खड्डे. ते घासून जात नाहीत. माझ्या नळीत मागच्या बाजूला असे चार ठिपके आहेत, दरवर्षी मोजतो. अजून चारच आहेत.

काडतूस मागे ओढणारी पत्ती आणि टोपीवर मारणाऱ्या सुईचं भोक जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायचं. तिथे काजळीचा आणि तेलाचा मिळून चिखल होतो आणि बंदूक नेमक्या वेळी फुसका आवाज करते. यंत्राचे स्क्रू मात्र घरी उघडू नका. आत स्प्रिंगा असतात, एक उडाली की कौलात शोधत बसाल.

शेवटी तेल. इथे आपल्याकडे सगळा गोंधळ आहे. खोबरेल घरात असतं म्हणून बरेचजण तेच लावतात. खोबरेल खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि थंडीत गोठतं. रॉकेल घाण काढायला चांगलं, पण ते उडून जातं आणि मागे लोखंड उघडं राहतं. टिलरचं जळकं ऑइल तर अजिबात नको, त्यात आम्ल आणि कचरा असतो. बंदुकीचं तेल दुकानात मिळतं, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल. तेही किती, तर चिंधीवर तीन-चार थेंब. नळी ओली दिसता कामा नये, फक्त बोटाला जाणवलं पाहिजे. बार काढायच्या आधी सुकी चिंधी फिरवून आतलं तेल पुसून घ्यायचं. दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल, पातळ हात.

ठेवताना नळीचं तोंड खाली. उलट ठेवली तर तेल हळूहळू मागे उतरतं, यंत्रात घट्ट होतं आणि लाकडात मुरून लाकूड मऊ करतं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत पावसाळाभर ठेवू नका. खोळ दिसायला चांगली, पण ती ओल धरून बसते, बंदूक म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला विळा. लाकडी कपाटात कुलुपात, आणि आत त्या बूट-पर्सबरोबर येणाऱ्या दाणेदार पुड्या टाका. ओल्या झाल्या की मंद तव्यावर सुकवून पुन्हा वापरता येतात. आबा ठासणीची चुलीच्या वर माळ्यावर आडवी ठेवायचे, ती उबेने कोरडी राहायची. आता चूल गेली, गॅस आला.

काडतुसांचंही बघायचं. जुन्या कागदी काडतुसांना पावसाळ्यात फुगवटी यायची, आता प्लास्टिकची असतात म्हणून फुगत नाहीत, पण पितळी बुडाला हिरवा कळंक येतो. कळंक आलेलं, चेपलेलं, किंवा बोटाने अलगद सरकत नाही असं काडतूस बाजूला. जोर करून बसवायचं नाही. काडतुसाला तेल लावायचं नाही, टोपीत मुरलं तर मसाला मरतो. आणि चाप ओढून बार झाला नाही तर लगेच उघडून बघायचं नाही. तोंड मोकळ्या जागी धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, कधी कधी उशिरा पेट घेतो. वाया गेलेली काडतुसं चुलीत, विहिरीत टाकायची नसतात. वहीत नोंद असते, ती विक्रेत्याला किंवा ठाण्याला विचारून द्यायची.

आता घाटावरच्या मित्रांसाठी थोडं. ऊसपट्ट्यात बऱ्याच लोकांकडे परवान्याचं .32 चं पिस्तूल असतं. त्यातल्या एका मित्राने मला विचारलं होतं की पिस्तूल मधेच अडकतं, काय करू. माझ्या बंदुकीला मॅगझिनच नाही, मी काय सांगणार? पण आमचे भावोजी सैन्यात हवालदार होते, शेवटची काही वर्षं कोतमध्ये, म्हणजे जिथे पलटणीची हत्यारं ठेवतात तिथे. त्यांना फोन लावला. त्यांनी पिस्तुलाची चौकशीच केली नाही. म्हणाले, "बाळा, आधी त्याका मॅगझिन कसा ठेवता ता विचार."

त्यांचं म्हणणं असं की पिस्तूल अडकलं की लोक पिस्तूल धुत बसतात आणि दोष बहुतेक वेळा त्या डब्यात असतो. मॅगझिन म्हणजे चार वस्तू. पत्र्याचा डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळी वर ढकलणारी पट्टी, आणि बुडाचं झाकण. डब्याच्या वरच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना ते ओठ म्हणतात. गोळी किती वर यायची आणि कुठल्या कोनात नळीत शिरायची ते हे ओठ ठरवतात. मॅगझिन फरशीवर ओठांवर पडलं आणि ओठ केसभर वाकले की गोळी तिरकी शिरते, मग अडकते. वाकलेले ओठ पक्कडीने सरळ करायचे नाहीत. ते मॅगझिन बाद.

साफ करायचं तर आधी पिस्तुलातून मॅगझिन काढायचं, आणि मग पिस्तुलाच्या नळीत एक गोळी राहिली नाही ना ते उघडून बघायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजून लोक मेलेत, हे भावोजी दोनदा म्हणाले. सगळ्या गोळ्या डब्यातून काढून दुसरीकडे ठेवायच्या. बुडाचं झाकण सरकवताना अंगठा त्यावर दाबून धरायचा, नाहीतर स्प्रिंग तोंडावर येते. स्प्रिंगचं कुठलं टोक वर होतं आणि कुठल्या अंगाला होतं ते बघून ठेवायचं, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. डबा आतून सुक्या फडक्याने पुसायचा, फडकं गुंडाळलेली काठी घालून. स्प्रिंगवर गंज असेल तर तेलाच्या चिंधीने पुसून पुन्हा सुकी चिंधी.

आणि आत तेल नाही. ह्यावर मी वाद घातला, कारण आपल्याला लोखंड म्हटलं की तेल. ते म्हणाले, मॅगझिन हा डबा आहे, त्यात जे जाईल ते साठून राहतं. तेलावर धूळ बसते, धुळीची लापशी होते, पट्टी जड होते, गोळी वेळेवर वर येत नाही. शिवाय तेल गोळीच्या टोपीत मुरतं. डब्याला बाहेरून पुसट हात पुरे, आतून जवळजवळ कोरडं.

स्प्रिंगबद्दलही विचारलं, कारण भरून ठेवली की स्प्रिंग बसते असं सगळे म्हणतात. त्यांच्या मते चांगली स्प्रिंग भरून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती थकते पुन्हा पुन्हा दाबल्या-सोडल्याने आणि गंजाने. कोतमध्ये प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाकलेला असायचा. एखादं अडकलं की नंबर लिहून ठेवायचे, तेच पुन्हा अडकलं की बाजूला. नंबर नसेल तर बिघडलेलं कुठलं आणि चांगलं कुठलं ते कळायचंच नाही. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी माझ्या तिन्ही फवारणी पंपांच्या नोझलांना रंगाने नंबर टाकलेत. कुठलं नोझल पट्टा सोडतं ते आता लगेच सापडतं.

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने मॅगझिन उघडलं तर आत उसाचं पाचट, बनियनचे धागे, आणि तंबाखूची पूड, चुन्यासकट. जादा मॅगझिन तो खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर ठेवत होता. साफ केल्यावर अडकायचं थांबलं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस त्याला होती, तीही मी बोलून दाखवली. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

परत माझ्याकडे येतो. 2024 च्या ऑक्टोबरात विधानसभेची घोषणा झाली, 15 तारखेला. म्हणजे नेमकं भात पिवळं पडलेलं, गरवं अजून शेतात, आणि बंदूक पुन्हा जमा. ज्या महिन्यासाठी परवाना आहे त्या महिन्यात बंदूक ठाण्यात. ह्यावर काय बोलायचं! आम्ही मचाणावर डबे बडवत राखण केली. पण ह्या वेळी देताना मी नळी साफ करून नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल देऊन नेली आणि तोंडावर बाहेरून जाड कापड लाल दोऱ्याने बांधलं. आत बोळा कोंबला नाही. कोंबलेला बोळा विसरला तर तो दुसरी कुंभारीणच. बाहेरचं लाल दिसतं, विसरत नाही. पावतीच्या मागे "नळी साफ, गंज नाही" एवढं लिहून द्या म्हटलं, तर तिथले हवालदार हसले, पण लिहिलं. नोव्हेंबर अखेरीस परत आली तेव्हा एक सुकी चिंधी फिरवली आणि काम झालं.

मुलाचं म्हणणं आहे की बंदूक सोडून द्या, झटका मशीन लावू, सौर पॅनेलवर चालतं. तो चुकीचा नाही. परड्याभोवती आम्ही ते लावलंय आणि केळी वाचलीत. पण आमची भातशेती चार ठिकाणी तुकड्यांत, तीन तुकडे रानाला लागून, मधे दुसऱ्यांची वाट. सगळीकडे तार कशी ओढणार? आणि माकडं तारेला विचारत नाहीत. दुसरं, बंदूक असली म्हणजे डुक्कर मारता येतं असंही नाही. ते 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. माझ्या बंदुकीचं काम आवाजाचं, तेही वस्तीकडे तोंड न करता. वर्षाला चार-पाच बार निघतात. एवढ्यासाठी कागद, कचेरी, जमा, परत, तेल, चिंध्या. हिशेब घातला तर मुलगा जिंकतो.

तरी ह्या रविवारी त्याला शेजारी बसवलं आणि गज त्याच्या हातात दिला. त्याने करंगळी घालून घर चाचपलं, मी सांगायच्या आधी. ठिपके मोजले. म्हणाला पाच. मी चष्मा लावून बघितलं, चारच होते, पाचवा चिंधीचा धागा होता.

परवाना नूतनीकरणाची मुदत ह्या डिसेंबरात आहे. पाच वर्षांचा असतो आता. सातबारा नवीन काढावा लागेल, त्यावर आबांचं नाव अजून एका गटात आहे, ते आधी कमी करायचंय. तलाठी साहेब सोमवारी आणि गुरुवारी असतात.

सध्या हवा भरून आलीय, दक्षिणेकडे गडगडतंय. तरवा उद्या पेरतो.